निळं म्हणून दिलेलं झाड

तामसी
२३ जुलै २०२४

इहीनबाई रेणुकाबाईले जयभीम.

वर 'सप्रेम' लिहाची पद्धत हाये, मले ठाऊक हाये. पन या बारीनं लिहिनार नाई. प्रेम सध्या घरात शिल्लक नाई. जे व्हतं ते तुमच्या झाडानं खाल्लं.

फोन करता आला असता. पन मले कमी आयकू येते म्हनून फोन स्पीकरवर ठेवा लागते. मंग तुमाले बोललेलं तुमची पोरगी आयकते, माहा पोरगा आयकते, अन भितीपल्याडून द्वारकाबाई आयकते. इहिनीशी भांडाचं तं कागदावरच बरं.

तं आयका. मांगच्या साली आपल्या नातीच्या, प्रगतीच्या वाढदिवसाले तुमी तेलाच्या डब्यात फांदी लावून आनली. म्हनल्या, "विठाबाई, मी उटीवरून आनलेल्या झाडाची फांदी हाये. हायड्रेंजिया म्हनतात. हे एवढाले निळे गेंद येतात." हात असे पसरले जसं काई पोयी लाटून दाखवता. मी ते झाड न्हानीमांगं कडूलिंबाच्या सावलीत लावलं. उन्हाळाभर त्याच्यावर ओलं पोतं टाकलं. दिवसातून दोनदा पानी. माह्या सासूची एवढी सेवा मी केली नाई, अन सासू बोलत तरी व्हती.

आषाढी पुनवेले वर्षावास सुरू झाला. विहारात पह्यल्या दिवशी बायका बसल्या व्हत्या, तितं मी उभी राहून सांगतलं, "औंदा माह्या आंगनातले निळे फुलं बाबासाहेबाच्या फोटोपुढं ठेवीन." तिसऱ्या दिवशी फूल उमललं. गुलाबी! लग्नातल्या आइस्क्रीमसारखं गुलाबी. द्वारकाबाई भितीवरून वाकून म्हनते, "निळं निळं म्हनता ते हेच का वो?" मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नातबी तुमी असंच केलं व्हतं. दाखवलं जरीचं लुगडं, निघालं बिनजरीचं. मी तवा काई बोलली नाई. (बोलली व्हती, पन थोडंसं.) आता सरळ सांगा, निळं स्वतःपाशी ठेवून गुलाबी मले दिलं का नाई? तुमी चौतीस वर्सं मास्तरीन व्हत्या. खोटं लिहाची तुमाले लाज वाटन, एवढ्या भरोशावर इचारते.

तुमची विहीण,
विठाबाई


नेरडीगोंडा
२९ जुलै २०२४

विहीणबाई विठाबाईंना सप्रेम जयभीम.

सप्रेम माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते.

लुगडं जरीचंच होतं. तुम्ही ते पाच वेळा धुतलंत आणि सहाव्यांदा जर शोधलीत. असो.

झाड तेच आहे. शपथेवर सांगते, एकाच झाडाची फांदी. बदलली ती माती. आमची इथली माती तांबडी, मुरमाड, वर सागाचा पाला कुजलेला. तुमची काळी, कपाशीची, चुनखडी पोटात धरून बसलेली. या झाडाचा स्वभावच असा की तुमच्यासारख्या मातीत ते गुलाबी फुलतं आणि आमच्यासारख्या मातीत निळं. मधल्या मातीत जांभळं. कधी कधी एकाच झुडपावर तिन्ही.

उटीच्या बागेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या सहलीतले सगळे चहाच्या दुकानात शिरले आणि मी दीड तास त्या झुडपांपाशी उभी होते. किती जाती! एक गोल गेंदाची, ती आपली. एक सपाट, मध्ये मोहरीएवढ्या कळ्यांचा दाट घोळका आणि कडेनं तेवढी मोठी मोठी फुलं, ताटाभोवती रांगोळी काढावी तशी. एक निमुळत्या तुऱ्याची, पांढरीशुभ्र. त्या पांढरीला मातीचं काही देणंघेणं नाही, कुठंही लावा, पांढरीच राहते. आपल्या गेंदाची गंमत तर आणखीच. आधी हिरवट, मग दुधी, मग कडेपासून आत रंग चढत जातो, आणि महिनाभरानं तो पुन्हा हिरव्यात उतरतो. गळत नाही, झाडावरच म्हातारा होतो. मी त्या बागेत माळ्याला विचारून विचारून हैराण केलं. त्याला माझं हिंदी कळेना, मला त्याचं तमिळ.

तुमच्या मातीतही निळं येईल. गुलाबी गेंद कापून टाका आणि पाण्यात तुरटी विरघळवून मुळाशी द्या. ही जात पावसाळा संपायच्या आत पुन्हा कळ्या धरते.

आता फुलापेक्षा मोठी गोष्ट. दीक्षाचं नाव सरकारी निवासी शाळेच्या यादीत आलं. नेमणूक इंद्रवेल्लीला, राहायला खोली, २३ सप्टेंबरच्या आत रुजू व्हायचं. आणि तुम्ही म्हणे विहारातल्या बायकांपुढे सांगितलंत, "माही सून कुठं जाणार नाही." दीक्षा मला फोनवर काही बोलली नाही. तिनं फक्त "बरं आहे आई" म्हटलं. माझी मुलगी "बरं आहे" कधी म्हणते, ते मला माहीत आहे. विहीणबाई, असं का केलंत?

आपली,
रेणुका


तामसी
३ ऑगस्ट २०२४

इहीनबाईले जयभीम.

तुमी शाळेत पोरांयले असंच शिकवलं का वो? काळ्या मातीत पांढरा कापूस येते, पिवळी हळद येते, लाल मिरची येते. त्या निळ्या फुलानंच काय गुन्हा केला? माती रंग बदलवते म्हने! मंग माह्या इकडं येऊन तुमचा रंग काऊन नाई बदलला? लग्नापासून चार वर्सं झाले, येता तशाच जाता, अन जाता जाता माह्या भाजीत मीठ कमी हाये म्हनून सांगून जाता.

एवढं खरं असन तं तुमच्या झाडाचं एक निळं फूल कागदात गुंडाळून बसनं पाठवून द्या. कंडक्टरजवळ द्या. आदिलाबादले माहा हर्षदीप हापिसातून येता येता उतरवून घेईन. डोळ्यानं पाहीन तवा मानीन.

दीक्षाचं म्हनान तं, आमी काई तिले बांधून ठेवलं नाई. पन लेकरू दोन वर्साचं. इंद्रवेल्ली म्हंजे दोन बसा बदला. तितं पोरींच्या वसतिगृहात मुक्काम. ती गेली का हर्षदीपबी तिकडच्या तिकडं राहीन, तितून हापिसात जाईन. अन मले बायका इचारतीन, सून कुठं गेली, तं काय सांगू? एकदा चारचौघीत नाई म्हनलं तं म्हनलं. माह्या जिभेले हाड नाई, पन शब्दाले हाये.

बरं, तुमाले एवढा त्या तुरटीचा भरोसा हाये ना? मंग लावा शर्त. तुमच्या सांगन्याप्रमानं मी तुरटी देते. २३ तारखेच्या आत त्या झाडाले निळं फूल आलं तं मी हरली. दीक्षा इंद्रवेल्लीले जाईन, मी तोंडातून शब्द काढनार नाई. गुलाबी आलं तं तुमी हरल्या. मंग नोकरीचं नाव काढाचं नाई, तुमीबी नाई अन तिनंबी नाई.

हाये हिंमत? का आमची मास्तरीन नुसती फळ्यावरच?

तुमची विहीण,
विठाबाई


नेरडीगोंडा
८ ऑगस्ट २०२४

विहीणबाईंना सप्रेम जयभीम.

शर्त कबूल.

माझ्या मुलीच्या नोकरीचा निकाल एका फुलावर लावायला मला शरम वाटायला हवी. वाटतेही. पण तुमच्याशी सरळ वाद घालून आजवर कोणी जिंकलं असेल तर त्याचं नाव कळवा, मी त्याच्या पाया पडून येते.

आता नियम नीट वाचा. हरभऱ्याएवढी तुरटी, एक तांब्या पाणी, पंधरा दिवसांतून एकदाच. जास्त नाही. ही तुरटी आहे, खत नाही.

दुसरा नियम तुमच्यासाठी खास. तुमच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूबरोबर चुन्याची डबी असते. चुना मुळाशी पडला की फूल हमखास गुलाबी होतं. तुम्ही तंबाखू मळता, बोट झटकता. विहीणबाई, बोट झाडापासून लांब झटका. मी दीक्षालाही सांगितलं आहे, डबीवर नजर ठेव.

फूल बसनं पाठवायचं म्हणता, पण ही फुलं तोडली की तासाभरात मान टाकतात. पोचेपर्यंत तुम्हाला निळं काय, फूलच दिसणार नाही. तेव्हा ते राहू द्या.

आपली,
रेणुका


तामसी
२५ ऑगस्ट २०२४

इहीनबाईले जयभीम.

तुमच्या पोरीनं माही चुन्याची डबी जप्त केली. तीन दिवस मी नुसता तंबाखू चघळून राह्यली, तोंडाची चव गेली. चवथ्या दिवशी म्हनलं, "दीक्षा, डबी दे." तं म्हनते, "आई, सप्टेंबर संपला का देते." असं गोड बोलते का राग कुठून आनाचा ते समजत नाई. तुमची शिकवन.

झाडाले कळ्या धरल्या. सात. एवढ्या बारीक, हिरव्या, मिरीच्या दान्यासारख्या एकीले एक चिकटून बसल्या. मी मोजल्या म्हंजे मले काई त्याचं कौतुक हाये असं नाई. शर्त हाये म्हनून मोजल्या. सकाळी उठून पह्यले तितंच जाते, पाह्याले का तुमचं झाड काई लबाडी तं करत नाई.

खरं सांगू का, ते गुलाबी फूलबी वाईट नव्हतं वो. कापलं तवा जीव हळहळला. एका गेंदात चाळीस-पन्नास फुलं, दर फुलाले चार पाकळ्या, अन मधात निळसर ठिपका. प्रगती त्याच्यापुढं बसून त्याले "बाबू" म्हने. मी ते विहारात ठेवलंच. ठेवून आली गुपचूप. कोनी इचारलं तं म्हनलं, गुलाबी फुलाले काय बुद्धाचं वावडं हाये?

आता एक सहज इचारते. तुरटी हरभऱ्याएवढी म्हनल्या तं हरभरा कोनता? देशी का काबुली? अन समजा, एखाद्या मानसाच्या हातून चुकून बोराएवढी पडली तं काय होते? निळं लवकर येते का? मी काई टाकली नाई. द्वारकाबाई इचारत व्हती.

दुसरं असं का, चार दिवसांपासून पानाच्या कडा जळून राह्यल्या. तपकिरी. तुमी त्या फांदीत काई रोग तं पाठवला नाई ना?

तुमची विहीण,
विठाबाई


नेरडीगोंडा
३० ऑगस्ट २०२४

विहीणबाईंना सप्रेम जयभीम.

द्वारकाबाईंना सांगा, देशी हरभरा. आणि त्यांना हेही सांगा की त्यांच्या अंगणात हे झाड नाही.

पानांच्या कडा जळतात म्हणजे कोणीतरी जास्त तुरटी देतंय, नाहीतर कोणीतरी चुना टाकून ती मारायला बघतंय. दोन्हीत झाडाचा जीव जातो. डबी तर जप्त आहे म्हणता. दुसरी डबी आहे का? तुम्हाला मी चार वर्षं ओळखते. दुसरी डबी असणार. विहीणबाई, हात जोडते. लढाई माझ्याशी करा, झाडाशी नको.

दहा दिवस कोणीही काहीही देऊ नका. नुसतं पाणी.

माझ्या झाडाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. छान आहे. फोटो पाठवला असता, पण माझ्या मोबाईलचा कॅमेरा बिघडला आहे.

आपली,
रेणुका


तामसी
१२ सप्टेंबर २०२४

इहीनबाईले जयभीम.

आज भांडन नाई. जे झालं ते सांगते. हासाचं असन तं आधी हासून घ्या, मंग वाचा.

परवा पहाटे साडेपाचले मी उठली. लोटा घेतला. लोट्यात काय व्हतं ते पुढं सांगते. न्हानीमांगं गेली तं कडूलिंबाखाली कोनीतरी उकिडवं बसून झाडाच्या बुडाशी काईतरी घासून राह्यलं. मी म्हनलं चोर असन. पन चोर झाडाची माती कायले घासन? वरडली, "कोन हाये रे?" तं उठून उभा राह्यला तो माहा हर्षदीप. हातात दाढीची तुरटी!

मी म्हनलं, "काय करून राह्यला रे?"

म्हनते, "आई, दाढी कराले आलतो."

"झाडाची?"

तेवढ्यात पल्याडून पाऊल वाजलं. दीक्षा. पदराआड बाटली. बाटलीत गढूळ पानी. आमाले दोघाले पाहून तितंच थबकली. तिघंबी एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. मंग तुमची पोरगी हळूच म्हनते, "आई, तुमच्या लोट्यात काय हाये?"

मी म्हनलं, "चहा."

इहीनबाई, लोट्यात तुरटीचं पानी व्हतं. रोज व्हतं. महिनाभर मी रोज टाकली, बोराएवढी. मी पहाटे टाके, हर्षदीप हापिसात जाच्या आधी टाके, दीक्षा लेकरू झोपलं का दुपारी टाके. त्या दिवशी पान्याचा नळ लवकर येनार व्हता म्हनून तिघंबी एकाच टायमाले निघालो, नाईतं अजून समजलं नसतं. त्या बिचाऱ्या झाडाले पंधरा दिवसातून एक हरभरा पाहिजे व्हता. आमी त्याले दिवसातून तीन बारीनं पाजली. तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस थांबली, मंग वाटलं, आपन थांबलो अन फूल गुलाबी झालं तं? ते दोघंबी असंच समजले असतीन.

साती कळ्या काळ्या पडून गळल्या. पानं करपले. काडी उरली.

मजा पाहा. तिघंबी रंगेहात सापडलो, अन तरी कोनी शब्द बोललं नाई. हर्षदीप दाढी न करताच हापिसात गेला. दीक्षानं भाकरी थापल्या. मी भांडे घासले. सांजच्याला तिघं जेवलो. "वरन चांगलं झालं" एवढंच बोलनं झालं.

मी काऊन टाकली ते तुमालेच सांगते. जुलैत तिचा नेमनुकीचा कागद आला. तिनं तो कोनाले न दाखवता प्रगतीच्या झबल्याखाली घडी करून ठेवला. झबले मी धुते, मीच ठेवते. मले दिसला. मी वाचला. तेलुगू-इंग्रजीत हाये, काई समजलं नाई, पन तिचं नाव मले समजलं. मी तो पुन्हा तितंच ठेवला. दुसऱ्या दिवशी पाह्यला तं घडी बदलली व्हती. रोज काढून पाहे ते पोरगी, इहीनबाई. रोज. माह्या डोळ्याआड.

अन मी तिले न इचारताच चारचौघीत नाई म्हनून बसली. माह्या बापानं मले चवथीतून काढून कापूस येचाले लावलं, तवा त्यानंबी मले इचारलं नव्हतं. आता म्हाताऱ्या बाईनं बायकांपुढं थुंकलेलं कसं चाटाचं? म्हनून म्हनलं, फुलानंच हरवावं मले. मी शर्त हरली, इलाज नाई, असं सांगता आलं असतं. नाक बी राह्यलं असतं अन पोरगी बी गेली असती.

आता फूलच नाई. निळं नाई, गुलाबी नाई. अकरा दिवस राह्यले. तुमी शिकलेल्या हा, तुमीच निकाल द्या. कोन जिंकलं म्हनून लिहून टाका. तुमी जिंकल्या असं लिहा ना वो. मी मान खाली घालीन.

तुमची विहीण,
विठाबाई


नेरडीगोंडा
१६ सप्टेंबर २०२४

विठाबाई, सप्रेम जयभीम.

हसले. इतकी हसले की शेजारचे विचारायला आले. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि तसं हसता येईना.

पहिली गोष्ट. तुमच्या हिशेबात एक तुरटी कमी आहे. दीक्षाच्या बाटलीतली तुरटी माझी. राखीला हर्षदीप इकडे आला होता, तेव्हा पावशेराचा खडा त्याच्या हाती दिला आणि सांगितलं, दीक्षाला दे, आईंना कळू देऊ नको. त्यानंच त्यातला तुकडा मारला असणार. नियम मी लिहिले आणि पहिला मीच मोडला.

दुसरी गोष्ट आणखी वाईट. माझं झाड निळं नाही. जूनमध्ये कंपाउंडच्या भिंतीला चुना मारून घेतला. रंगाऱ्यानं उरलेली बादली नेमकी झाडाच्या बुडाशी ओतली. औंदा माझ्या अंगणात जे फुललं ते तुमच्यापेक्षा गुलाबी. मोबाईलचा कॅमेरा चांगला आहे. म्हणजे मातीबद्दल मी सांगत होते ते शंभर टक्के खरं, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे एकही निळं फूल नाही. जुलैत तुम्ही जाब विचारलात तेव्हाच हे सांगायला हवं होतं. पण तुमच्यापुढे हार मानायची म्हणजे मला ताप येतो.

आता निकाल. मी तो देणार नाही.

मी जिंकले असं लिहिलं, तर दीक्षा माझ्या जिंकण्यावर जाईल. तिला ते नकोय. मला वाटलं होतं ती नोकरीसाठी झुरते आहे. तसं नाही विठाबाई. नोकरी तिनं स्वतः अभ्यास करून मिळवली, लेकरू मांडीवर घेऊन. तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही, हवं तर ती उद्या बॅग उचलून जाऊ शकते. ती गेली नाही, कारण तुम्ही मनापासून जा म्हणावं एवढंच तिला हवं आहे. मी शंभरदा म्हटलं, तिनं "बरं आहे आई" म्हटलं.

मीही काही शहाणी नाही. शर्त लावली, कारण तुम्हाला सरळ विचारायची भीती वाटली. सरळ विचारलं असतं आणि तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात, तर पुढे आपल्यात बोलायला काय उरलं असतं? फुलाआड लपून बोलणं सोपं होतं.

तेव्हा तुम्हीच बोला. तुरटी संपली. हे पत्र शुक्रवारी मिळेल. सोमवार शेवटचा.

तुमची,
रेणुका


तामसी
२४ सप्टेंबर २०२४

इहीनबाई रेणुकाबाईले सप्रेम जयभीम.

हो, लिहिलं सप्रेम. डोळे चोळून पुन्हा वाचू नका.

चुना तुमच्या अंगनात अन चौकशी माह्या डबीची! त्याचं भांडन मी राखून ठेवलं हाये. आज टाइम नाई.

शुक्रवारी पत्र आलं. शनिवारी मी चारदा तोंड उघडलं. एकदा दीक्षाले म्हनलं, "आयक," तं म्हनते, "काय आई?" मी म्हनलं, "काई नाई, दूध उतू जाईन." दूध चुलीवर नव्हतंच.

रईवारी सांजच्याला विहारात ग्रंथवाचन झालं. बायका उठाले लागल्या तं मीच उभी राह्यली. म्हनलं, "बसा वो जरा. जुलैत मी इतंच सांगतलं व्हतं, माही सून कुठं जानार नाई. ते मी तिले न इचारता सांगतलं व्हतं. चुकलं. उद्या माही दीक्षा इंद्रवेल्लीले शिकवाले जाते, अन तिले पोचवाले मी जाते." द्वारकाबाई काई गप बसते का? म्हनते, "मंग फूल निळं झालं का?" मी म्हनलं, "नाई. मेलं. पन पोरगी जाते." कोनी हासलं नाई. रेणुकाबाई, मले वाटलं व्हतं माहं नाक कापल्या जाईन. नाक हाये जितल्या तितं. मीच उगाच तीन महिने त्याले हात लावून बसली व्हती.

दीक्षा मांगं बसली व्हती लेकरू घेऊन. तिले मी आधी सांगतलं नव्हतं. पाह्यलं तं तिनं प्रगतीच्या डोक्यात तोंड खुपसलं व्हतं. घरी आल्यावर म्हनते, "आई, बॅग तं मी भरलीच नाई." मी म्हनलं, "मी भरली. पलंगाखाली पाह्य." शुक्रवारीच भरली व्हती. बॅग भरनं सोपं, बोलनंच कठीन.

काल सकाळी पह्यल्या बसनं निघालो. आदिलाबादले बस बदलली. मी पांढरं लुगडं नेसली व्हती, तेच तुमच्यावालं. (उन्हात चमकलं थोडंसं. जर असन बी.) इंद्रवेल्लीले उतरून शाळेत गेलो. खोली बरी हाये. नळाले पानी येते. पोरी जमल्या अन प्रगतीले हातोहात घेऊन गेल्या, तिनं मांगं वळूनबी पाह्यलं नाई.

सांजच्या बसनं एकटी परत आली. हर्षदीप आता तिकडंच राहीन, रईवारी येतीन सगळे. घरी येऊन सवयीनं चार जनाचं वरन लावलं. मंग पातेल्यापुढं बसून रडली. तुमाले सांगाले काय लाजाचं, चांगली मोठ्यानं रडली. कमी आयकू येते त्याचा एक फायदा हाये, आपलं रडनं आपल्याले जास्त टोचत नाई. तिले जाऊ द्याचं नव्हतं ते याच्याचसाठी, दुसरं काई कारन नव्हतं. लेकरू, बसा, बायका, हे सगळं बहानं व्हतं. घर मोठं वाटते वो. पन पोरीले ठेवून घेतली असती तं ते घरात असूनबी नसती. हे मले समजलं, थोडं उशिरा समजलं.

झाड उपटून टाकलं. मुळं काळी झाली व्हती. दिवाळीले याल तवा नवीन फांदी आना. रंग कोनताबी असू द्या.

आता शेवटचं सांगते. हे मुद्दाम राखून ठेवलं व्हतं.

हापिसात मोठ्या मॅडम बसल्या व्हत्या, तेलुगूवाल्या. दीक्षा कागद भरून राह्यली व्हती. मी बाजूले पान्याची बाटली धरून उभी. कागदात एक जागा व्हती, काई अडचन आली तं घरच्या कोनाले कळवाचं म्हनून. दीक्षानं माहं नाव लिहिलं, माहा नंबर लिहिला. मॅडमनं कागद पाह्यला, मले पाह्यलं, अन तिले इचारलं, "मी अम्मगारा?" म्हंजे, ह्या तुमच्या आई का? एवढं तेलुगू मले समजते.

मले वाटलं, आता हे सांगन, नाई मॅडम, माह्या सासू. सांगाले पाहिजे व्हतं. सरकारी काम हाये, खरं ते सांगावं.

तुमच्या पोरीनं पेन खाली ठेवला, माह्याकडं पाह्यलं, अन म्हनली, "अवुनु मॅडम. मा अम्मा." म्हंजे, हो मॅडम, माही आई.

बाटलीचं झाकन घट्ट व्हतं, तेच पुन्हा लावत राह्यली.

तुमाले राग आला तं येऊ द्या. कागद सरकारी हाये, आता बदलत नाई.

तुमच्या पोरीची आई,
विठाबाई